दृष्टिक्षेत्राची जलद तपासणी

काचबिंदूच्या रुग्णाला दृष्टिक्षेत्र तपासणीइतकी नकोशी दुसरी तपासणी नसावी. समोरच्या बिंदूवर नजर खिळवायची आणि बाजूला प्रकाश लुकलुकताच कळ दाबायची. वयोवृद्धांचे लक्ष ढळते, आलेख बिघडतो. म्हणूनच हम्फ्री यंत्रावरील ‘सिटा फास्टर’ पद्धतीचे मी स्वागत केले. २४-२ चाचणीचे तेच ५४ बिंदू. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘स्टँडर्ड’ला सरासरी सुमारे ६ मिनिटे लागली, तिथे हिला ३ मिनिटांहून कमी. ही पद्धत वयोमानानुसार अपेक्षित तीव्रतेपासूनच आरंभ करते आणि अंधबिंदूवरील पडताळणी वगळते. नजरेची स्थिरता तंत्रज्ञानेही डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते.

खरी अडचण निराळीच आहे. खोल दोष जलद पद्धतीत किंचित सौम्य दिसू शकतात. वर्षानुवर्षे ‘स्टँडर्ड’वर तपासलेल्या रुग्णाचा पुढील आलेख ‘फास्टर’वर काढल्यास प्रत्यक्ष घसरण झाकली जाण्याचा संभव असतो. नव्या रुग्णास खुशाल ‘फास्टर’ द्यावी. बळावलेल्या काचबिंदूत मात्र मी जुनी पद्धत सोडत नाही. बदल अटळच असेल, तर नव्या पद्धतीचे दोन आलेख काढून तुलनेचा पाया नव्याने घालावा. गाव वा डॉक्टर बदलताना रुग्णांनी जुने आलेख अवश्य सोबत न्यावेत. पद्धतीचे नाव त्यांवर छापलेले असते.