योकोहामा, शिकागो आणि मद्रासचा किनारा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 'विवेकानंद इल्लम' उभे आहे. पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामीजींचा मुक्काम येथे नऊ दिवस होता. या मद्रासच्याच शिष्यांना त्यांनी १० जुलै १८९३ रोजी योकोहामाहून पत्र लिहिले होते. जपानची स्वच्छता, संघटित सैन्य, वाढते आरमार आणि स्वावलंबनाची जिद्द पाहून ते प्रभावित झाले होते. आपल्या तरुणांनी जपान पाहावा, असा त्यांचा आग्रह होता. तेथून ते अमेरिकेस गेले आणि ११ सप्टेंबरला शिकागोच्या व्यासपीठावरून त्यांनी संकुचितपणा आणि धर्मवेड यांनी केलेल्या मानवहानीकडे जगाचे लक्ष वेधले.

पुढील पन्नास वर्षांच्या आत हीच दोन कर्तबगार राष्ट्रे एकमेकांवर तुटून पडली. असे का झाले?

वैराची साखळी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अधःपतनाची पायरी न् पायरी सांगितली आहे : विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, मग कामना, क्रोध, मोह आणि शेवटी बुद्धिनाश. व्यक्तीचे जे होते, तेच राष्ट्राचेही होते.

जपानला तेल, लोखंड, रबर बाहेरून आणावे लागे. त्यातून साम्राज्याची हाव वाढली. १९३१ मध्ये मांचुरिया घेतला. १९३७ मध्ये चीनवर पूर्ण युद्ध लादले आणि नानजिंगमध्ये निरपराधांची कत्तल केली. दुसरीकडे, अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने जपानी लोकांना स्थलांतराची दारे बंद केली होती. तो अपमान जपानच्या मनात सलत होता. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये शिरले, तेव्हा अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली. पाठोपाठ तेलही बंद झाले. माघार घेणे जपानी नेत्यांना नामुष्कीचे वाटले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. २,४०० हून अधिक अमेरिकन मृत्यू पावले.

किंमत कोणी मोजली?

अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्याबद्दल सरकारने क्षमा मागितली ती १९८८ मध्ये. मार्च १९४५ मधील एका रात्रीच्या बॉम्बवर्षावात टोकियोत सुमारे १ लाख माणसे मेली. हिरोशिमा आणि नागासाकी मिळून वर्षअखेरीपर्यंत सुमारे २ लाख बळी गेले.

आणि भारत? त्याला तर कोणी विचारलेही नव्हते. इंग्रजांनी त्याला युद्धात ओढले. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम व काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. मद्रासवर स्वारी होणार या धास्तीने लोकांनी घरेदारे सोडली. प्राणिसंग्रहालयातील वाघ-सिंह मोकाट सुटतील म्हणून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये मद्रासवरही जपानी विमानाने बॉम्ब टाकले. ब्रह्मदेशातून लाखो भारतीय पळाले. त्यांत तमिळ कष्टकरी मोठ्या संख्येने होते, आणि हजारो जण जंगलवाटेवरच कोसळले. ब्रह्मी तांदूळ थांबला, त्यात शासनाच्या निष्ठुरतेची भर पडली आणि बंगालच्या दुष्काळात २० लाखांहून अधिक माणसे भुकेने व रोगराईने दगावली.

आपल्यासाठी बोध

स्वामीजींनी जपानच्या संघटनेचे केलेले कौतुक चुकीचे नव्हते. दुर्बलता हे पापच, असे तेच सांगत. परंतु शिस्त, त्याग आणि देशप्रेम हे गुण हावेच्या हाती पडले, तर विनाशही तितक्याच शिस्तीने होतो. म्हणून राष्ट्राची शक्ती आणि माणसामाणसांतील एकच आत्मतत्त्व ओळखणारी दृष्टी, दोन्ही एकत्र वाढल्या पाहिजेत. चेन्नईच्या नंदंबाक्कम येथील युद्धस्मशानभूमीत आठशेहून अधिक सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. इल्लमला जाणाऱ्याने तेथेही दोन क्षण शांत उभे राहावे.

स्वाध्यायासाठी

१. वैराच्या साखळीतील कोणत्या पायरीवर थांबणे शक्य होते?
२. राष्ट्राभिमान आणि परद्वेष यांतील सीमारेषा आपण रोजच्या बोलण्यात कशी ओळखाल?
३. या आठवड्यात मनातील कोणती अढी आपण सोडवू शकाल?