तरुणांचा जुनाट खोकला व गारगोटीची धूळ

तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला व थोड्या श्रमाने लागणारी धाप ही लक्षणे ऐन तारुण्यात दिसू लागल्यास त्यांचे कारण शोधणे अगत्याचे असते. विडी, सिगारेट, चुलीचा धूर, दमा व क्षयरोग ही कारणे सामान्यतः ध्यानात घेतली जातात. रोगी कोणते काम करीत होता, हा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारावयाचा राहून जातो.

या प्रश्नाचे महत्त्व मध्य प्रदेशातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. मांडू ज्या धार जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील, तसेच झाबुआ व अलीराजपूर येथील अनेक आदिवासी मजूर रोजगारासाठी गुजरातेत गेले व गोध्रा, बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास लागले. थोड्याच काळाच्या कामानंतर त्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडला व कित्येक तरुण दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रकरणी २०१० मध्ये शिफारस केली. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात शासनास दिला.

गारगोटीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जाऊन बसतात. तेथे व्रण होऊन फुप्फुसे घट्ट होतात. काम सोडल्यानंतरही हा रोग वाढू शकतो व तो पूर्णपणे बरा करणारे औषध नाही. क्ष-किरण चित्रात तो क्षयासारखा भासू शकतो. शिवाय अशा रोग्यास क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो. म्हणून थुंकीची तपासणी व कामाची माहिती या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

तोंडावर फडके बांधल्याने सूक्ष्म धूळ अडत नाही. दगड ओला ठेवून काम करणे, यंत्रे बंदिस्त करणे व धूळ शोषून घेणारी साधने बसविणे हे खरे उपाय होत आणि ते योजण्याची जबाबदारी मालकाची आहे. मजुराने विडी सोडणे हितावह असले, तरी तेवढ्याने ही धूळ निरुपद्रवी होत नाही.

कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी कारखान्याचे नाव, कामाचे स्वरूप व कालावधी लिहून ठेवावा आणि हजेरीची चिठ्ठी जपावी. रोगाचे निदान व नुकसानभरपाई या दोन्हींसाठी ही माहिती उपयोगी पडते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी ही नोंद गावातील शिक्षक व ग्रामसेवक यांनी करून ठेवल्यास त्यांच्या हातून मोठेच कार्य घडेल.