परतीचे तिकीट

सुट्टीत तुम्ही मुंबईहून दिल्लीला जाता तेव्हा जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकदमच काढता. पूर्वी ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जाण्याची जागा मिळे. पण परतीच्या जागेची काळजी सारा प्रवासभर मनात असे.

रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले ते दिल्लीत, १९८५-८६ च्या सुमारास. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणक बसले. पाचही ठिकाणी काम चोख चाले. अडचण एकच होती. मुंबईच्या संगणकाला दिल्लीच्या संगणकातील रिकाम्या जागा दिसत नसत. खोल्या पाच, पण मध्ये दारच नाही, असे ते घर होते!

असे घर पाहून सगळ्या घराचा नकाशा काढणारा माणूस लागतो. उर्दूत आपण त्याला मेमार म्हणतो. मोठ्या संस्थेतील संगणकांच्या अशा मेमाराला ‘एन्टरप्राइझ आर्किटेक्ट’ म्हणतात. संगणकाच्या कामाची तुलना इमारतीच्या नकाशाशी करणारा जॉन झॅकमन यांचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे फार गाजला.

हा माणूस स्वतः प्रोग्राम लिहीत बसेलच असे नाही. तो प्रश्न विचारतो. कोणती माहिती कोठे ठेवायची? ती बदलण्याचा हक्क कोणाचा? जुने काय ठेवायचे? त्यासाठी त्याला साहेबांच्या खोलीत बसावे लागते, तसेच तिकीट खिडकीवरच्या बाबूचेही ऐकावे लागते. माझ्या मते दुसरे काम अधिक कठीण.

आता रेल्वेचेच पाहा. एका गाडीच्या जागा दोन संगणकांत वेगवेगळ्या मोजल्या तर काय होईल? एकच बर्थ दोघांना विकला जाईल आणि गाडीत भांडण! म्हणून प्रत्येक गाडीला एकच घर दिले. तिच्या जागांचा हिशेब तेथेच. तुम्ही मुंबईच्या खिडकीवर अर्ज दिला, तरी मागणी तारेवरून त्या घरी जाते आणि उत्तर घेऊन परत येते.

पण नुसत्या तारा जोडून हे जमले नसते. पाचही ठिकाणी नियम आणि प्रोग्राम एकच हवे होते. हा समान प्रोग्राम प्रथम १९९४ साली सिकंदराबादला सुरू झाला. त्याचे नाव ‘कॉन्सर्ट’. पाचही केंद्रे एकमेकांना जोडून व्हायला १९९९ साल उजाडले. हे काम एका माणसाचे नव्हते. अनेकांनी मिळून ते केले. त्यांच्या हुद्द्याचे नाव काहीही असो, काम मेमाराचेच होते.

२००२ साली इंटरनेटवर तिकिटे मिळू लागली. तेव्हा गाड्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागला नाही. जुन्याच घराला आणखी एक खिडकी काढली आणि ती थेट लोकांच्या घरात उघडली.