जिना चढता न येणाऱ्यांचा वर्ग

सातारा

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. योगशिक्षिकेचं प्रमाणपत्र हाती आलं हे वाचून फार बरं वाटलं. कोथरूडमधला दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, एका भिंतीला आरसे, सकाळी सहा आणि सातच्या बॅच हा बेतही वाचला. हॉलबद्दल माझं मत विचारलंस, तर स्पष्टच लिहिते. इमारतीला लिफ्ट नाही, असं तूच कळवलं आहेस. म्हणजे ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना अर्धांगवायू होऊन गेला, जे व्हीलचेअरवर आहेत, ते खालूनच परत जाणार. पहाटे डबे करून कामावर पळणाऱ्या बायका तर तुझ्या वेळेत येऊच शकत नाहीत. मग उरलं कोण? ज्यांचं योगावाचून फारसं अडलेलं नाही, ती तरणीताठी माणसं. त्यांनाही शिकव, माझी ना नाही. पण तेवढ्यासाठी तू या वाटेला आलीस, असं मला वाटत नाही.

तू ज्या शहरात आहेस, तिथे याचं उत्तर फार पूर्वी सापडलेलं आहे. योगाचार्य अय्यंगार गुरुजी 1937 साली पुण्यात आले, ते काही पोलादी शरीर घेऊन नव्हे. लहानपणीच क्षय, मलेरिया आणि विषमज्वराने त्यांना पोखरलं होतं. पुढे 1979 मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर त्यांना साधी आसनंही नव्याने कमवावी लागली. ज्याने स्वतःच्या देहाचा अडेलपणा सोसला आहे, त्यालाच वीट, पट्टा, दोरी, लोड आणि खुर्ची यांचं मोल कळतं. 1975 साली उघडलेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीला दोऱ्या आहेत आणि पाठीचा पत्रा काढलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या आहेत. त्यांची पद्धत कडक, असं लोक म्हणतात. मला तिच्यातली माया दिसते. हात पायापर्यंत पोचत नाही ना, मग पट्टा घे. पण आसन तुझंही आहे, असं ती पद्धत सांगते.

अमेरिकेत मिनेसोटात मॅथ्यू सॅनफर्ड नावाचे योगशिक्षक आहेत. 1978 मध्ये, तेराव्या वर्षी, मोटार अपघातात छातीखालचं त्यांचं शरीर लुळं पडलं. ते अय्यंगार पद्धत शिकले आणि व्हीलचेअरवर बसून इतरांना शिकवू लागले. पायांना हुकूम पोचत नसताना माणूस योग शिकवू शकतो, मग पाय शाबूत असलेल्या आजीला 'तुम्हाला नाही जमायचं' असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता कामाचं. सुरुवात खुर्चीपासून कर. प्लास्टिकची खुर्ची नको. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात आणि तिचे हात आपल्या हातांच्या आड येतात. मंगल कार्यालयात असतात तशा लोखंडी घडीच्या खुर्च्या घे आणि त्यांची पाठ भिंतीला टेकवून ठेव. बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, ते प्रत्येकीचं वाकून बघ. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचे टेकत नाहीत, नुसत्या चवड्यावर त्या तोलून बसतात आणि मग कंबर दुखली म्हणतात. पायाखाली लाकडी वीट दे. ती नसेल, तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांध. आमच्या समाजमंदिरातल्या वर्गात तसेच गठ्ठे चालतात. टाचा टेकल्या की पाठ आपोआप सरळ होते, हे तुला डोळ्यांनी दिसेल. तिथून ताडासनातले हात वर घेणं, खुर्चीची पाठ धरून भरद्वाजासनाचा पीळ, एक मांडी खुर्चीवर टेकून वीरभद्रासन, सगळं होतं. अधोमुख श्वानासनासाठी स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. ज्या ओट्यापाशी बाई दिवसभर उभी असते, तिथेच पोळ्या झाल्यावर दोन मिनिटं पाठ ताणायला तिला शिकव. ते ती रोज करील. चटई अंथरायला सांगितलंस तर आठवड्यात बंद पडेल.

कपड्यांचा आग्रह धरू नकोस. ट्रॅक पँट घालायची म्हटल्यावर घरी बसणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. साडीवर वर्ग होतो. पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाठीवर झोपायचं असेल तेव्हा नडगीभोवती साडीवरून ओढणी बांध, म्हणजे साडी सरकत नाही आणि तिचं लक्ष पदराकडून श्वासाकडे जातं.

पहिल्या दिवशी प्रत्येकाशी बाजूला बसून बोल. काचबिंदू असेल तर डोकं खाली नेणारी आसनं नकोत. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीला पोक काढून पुढे वाकवू नकोस. खुब्याचा सांधा बदलला असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी काय मना केलं आहे ते आधी विचार. आणि सरसकट सगळ्यांना कपालभाती देण्याची जी रीत पडली आहे, ती तुझ्या वर्गात शिरू देऊ नकोस. वाढलेला रक्तदाब, हर्निया, गर्भारपण यांत ती नको. टीव्हीवर बघून आलेले लोक हट्ट धरतील. धरू देत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. त्यातले कितीतरी नुसते बघून कळत नाहीत. वर्गात अंध विद्यार्थी असेल तर 'असं करा' म्हणणं सोड. 'उजवा तळहात डाव्या गुडघ्यावर ठेवा, आता डावा खांदा मागे न्या' असं बोल. या सवयीने डोळस विद्यार्थ्यांचंही भलं होतं. ऐकू न येणाऱ्यांची अडचण शवासनात असते, आणि ती चटकन लक्षात येत नाही. डोळे मिटले की तुझ्याशी त्यांचा धागाच तुटतो. बाकीचे उठले तरी ते पडून राहतात, किंवा दचकून मधेच डोळे उघडतात. म्हणून आधीच ठरवून घे: दिवा दोनदा लावीन किंवा पायाच्या अंगठ्याला हात लावीन, मग उठायचं. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या खुर्चीचे ब्रेक आधी तपास. ज्यांच्या कातडीला स्पर्श कळत नाही, त्यांना पट्टा काचला तरी समजत नाही, तिथे तुझी नजर हवी. विचारल्याशिवाय कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही, कालच विचारलं असलं तरी. डोळे मिटायची भीती वाटणाऱ्या बायका असतात. मारहाण सोसून आलेलीला तर डोळे उघडे ठेवूनच शवासन दे. आणि ओंकार म्हणायचा की नुसता श्वास मोजायचा, हे ज्याचं त्याच्यावर सोपव. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका श्वास मोजतात आणि वर्गात सर्वांत नियमित त्याच आहेत.

पैशांचं तू संकोचाने विचारलं आहेस, त्यात संकोच कसला? तुला घर चालवायचं आहे. नागपूरला जनार्दनस्वामींनी 1951 साली योगाभ्यासी मंडळ काढलं आणि शुल्क न घेता योग शिकवण्याची वाट घालून दिली. ती परंपरा थोर आहे. पण त्यामागे अनेकांची सेवा उभी असते. तू एकटी आहेस. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण फी घे आणि त्या मिळकतीवर वृद्धाश्रमातला, एसटी डेपोतला किंवा भाजी मंडईतला एक वर्ग चालव. मंडईत दुपारी गिऱ्हाईक नसताना जा. जेवणं झालेली असतात, तेव्हा पोट दाबणारं काही नको; मान, खांदे, मनगटं, पोटऱ्या आणि शांत श्वास एवढंच घे. दिवसभर उकिडवं बसणाऱ्या भाजीवालीला तेच हवं असतं.

फोनवरून शिकवणार असशील तर त्यांचा कॅमेरा बाजूने लावायला सांग, समोरून कमरेचा बाक दिसत नाही. एका वेळी मोजकीच माणसं घे. गावाकडे रेंज जाते, म्हणून प्रत्येक आसनातून बाहेर कसं यायचं ते आत जाण्याआधीच सांगून ठेव.

दरवर्षी 21 जूनला मैदानं भरतात, छान दिसतात. त्या मैदानापर्यंत जे पोचले नाहीत, त्यांच्याकडे बाकीचे दिवस आपण जायचं.

तेव्हा हॉलच्या करारावर इतक्यात सही करू नकोस. येत्या रविवारी तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांड. तळमजल्यावरच्या आजोबांना, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना, वॉचमनकाकांना आणि तुझ्या आईला बोलाव. कुणाला काय जमत नाही ते वहीत लिहून घे आणि वर्गाची वेळ त्यांनाच विचारून ठरव. ती वही घेऊन साताऱ्याला ये, दोघी मिळून महिन्याभराचा क्रम बसवू. हॉलचं त्यानंतर बघू, आणि तोही तळमजल्यावरचाच.

तुझी,
मावशी