स्पोर्ट्स कारचे ब्रेक आणि कारागिराची पेटी

आपल्या एखाद्या जुन्या उस्तादाची हत्यारांची पेटी उघडून पाहावी. काही पाने, एक मोठी पकड, दोन डिसमिस, हातोडी, छन्नी आणि टॉमी. एवढ्या सामानावर एका पिढीने अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी रस्त्यावर चालत्या ठेवल्या. या हुनराबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु ब्रेकच्या कामात, आणि विशेषतः स्पोर्ट्स कारच्या ब्रेकच्या कामात, अशा काही जागा येतात की जेथे हात कितीही तयार असला तरी नेमके अवजार नसेल तर गाडीचे नुकसान होते, गिऱ्हाईक तुटते आणि प्रसंगी जीवही जातो. त्या जागा कोणत्या आणि तेथे कोणते सामान लागते, हे आज आम्ही येथे मांडीत आहोत.

अमेरिकेत व इंग्लंडमध्ये मजुरी महाग. त्यामुळे तेथे गाडीचा मालक स्वतःच सुट्टीच्या दिवशी घरासमोर गाडी उचलून ब्रेक पॅड बदलतो. आपल्याकडे मालक स्वतः हात काळे करीत नाही, तो कारागिराला बंगल्यावर बोलावतो. दोन्हीकडे अडचण एकच. तेथे ना लिफ्ट असते ना शेजारच्या गॅरेजमधून पाना मागून आणायची सोय. पेटीत जे असेल तेवढ्यावरच काम पुरे करावे लागते. शारजाच्या औद्योगिक भागातील गॅरेजांत काम करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना याचा अनुभव असेलच.

उदाहरणासाठी आम्ही मझदा एमएक्स-५ ही गाडी घेतली आहे. मझदा हे नाव आपल्याकडे स्वराज मझदाच्या टेम्पोंमुळे परिचित आहे. पण याच कंपनीने १९८९ साली दोन माणसांची, उघड्या टपाची ही छोटी मोटार आणली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या. चारही चाकांना डिस्क ब्रेक, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. पहिल्या पिढीतील ही गाडी घरी काम करणाऱ्यांची शाळाच समजली जाते, आणि तिच्यात एक अशी खोच आहे की ती माहीत नसलेला चांगला कारागीरही फसतो.

गाडी उचलण्याचे सामान

ब्रेकच्या आधी गाडी उचलण्याचा विचार. डिकीत मिळणारा जॅक हा पंक्चर चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. दोन टनांचा ट्रॉली जॅक घ्यावा आणि तोही कमी उंचीचा, कारण स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीला लागलेले असते व साधा ट्रॉली जॅक खाली शिरतच नाही. असा जॅक नसेल तर पुढची चाके आधी दोन जाड फळ्यांवर चढवून घ्यावीत, म्हणजे जागा मिळते.

जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. आत तेल आहे, रबराचे सील आहे, ते कधी दगा देईल हे सांगता येत नाही. म्हणून गाडी उचलली की ताबडतोब लोखंडी घोडीवर बसवावी. आमच्या गॅरेजांत विटा लावण्याची जी सवय आहे, तिच्याबद्दल आम्ही कडक शब्दांतच लिहिणार. वीट भार झेलते तोवर झेलते आणि फुटते तेव्हा एका क्षणात फुटते, आधी सूचना देत नाही. ही गाडी हलकी म्हणतात ती इतर गाड्यांच्या मानाने, वजन तरी सुमारे हजार किलो. घोडी लावण्याची जागाही ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला कंपनीने खाचा देऊन खुणा केल्या आहेत, तेथेच ती बसवावी. खुणेच्या मागेपुढे लावली तर पत्रा आत दबतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे आणि गिअरही मागचीच चाके धरतो. पुढचा भाग उचलला तर हँडब्रेक व गिअर दोन्ही गाडीला धरून ठेवतात. मागचा भाग उचलला की दोन्ही निकामी, गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी असते. शिवाय मागच्या ब्रेकचे काम करायचे म्हणजे हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट लावल्याशिवाय जॅकच्या दांड्याला हात लावू नये.

चाकाचे नट २१ नंबरचे. गोटी पाना पातळ भिंतीचा असावा, नाहीतर अलॉय व्हीलवर ओरखडे उठतात आणि अशा गाडीचा मालक ओरखडा पहिल्यांदा पाहतो, ब्रेक नंतर. काही गाड्यांना चोरीपासून बचावासाठी प्रत्येक चाकाला एक कुलूप नट असतो व त्याची चावी वेगळी असते. घरून निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे की ती चावी आहे का. पुष्कळदा ती सापडत नाही आणि अर्धा दिवस फुकट जातो.

पुढचा ब्रेक

पुढची चाके सोपी आहेत. कॅलिपरचा खालचा बोल्ट १४ नंबरच्या पान्याने काढला की कॅलिपर वर उचलला जातो व जुने पॅड बाहेर येतात. डिस्क बदलायची असेल तर कॅलिपरची चौकट काढावी लागते, तिच्यासाठी १४ आणि १७ असे दोन्ही गोटी पाने व लांब दांडा जवळ ठेवावा. सुटा झालेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळी आतून फाटते, वरून दिसत नाही. सायकलच्या आरीचा आकडा करून तो स्प्रिंगला अडकवावा, फुकटचे अवजार आहे.

पिस्टन आत ढकलण्यासाठी सी-क्लॅम्प पुरे. जुना पॅड पिस्टनवर ठेवून त्यावर क्लॅम्प आवळावा म्हणजे दाब सारखा पडतो. टॉमीने ढकलू नये. त्याआधी बॉनेटमधील ब्रेक ऑइलच्या डब्याचे झाकण उघडून पिचकारीने थोडे ऑइल काढून घ्यावे, कारण पिस्टन आत गेला की डबा भरून वाहतो आणि ब्रेक ऑइल रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या बाहेर काढून पुसाव्यात व त्यांना ब्रेकसाठी असलेले ग्रीस लावावे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस तेथे चालत नाही, त्याने रबर फुगते व पिन जाम होते. एका बाजूचा पॅड जास्त झिजलेला दिसला तर दोष बहुधा पॅडचा नसून याच पिनेचा असतो. नवा पॅड बसवून जाम पिन तशीच ठेवली तर काही महिन्यांत गिऱ्हाईक परत दारात.

मागच्या चाकातील खोच

येथेच पुष्कळ जण फसतात. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच बसवलेली आहे. पुढच्याप्रमाणे सी-क्लॅम्प लावून जोर दिला तर पिस्टन आत जात नाही. कारागिराला वाटते, गंजला आहे. तो आणखी जोर देतो. आतील यंत्रणा मोडते आणि पॅडच्या कामाचे कॅलिपरचे काम होते. आमच्या ओळखीच्या एका होतकरू तरुणाने परदेशातील नोकरीच्या पहिल्याच महिन्यात असा कॅलिपर मोडला व त्याचे पैसे पगारातून भरले. त्याच्या हातात कसब कमी नव्हते. त्याच्या पेटीत चार मिलिमीटरची एलन की होती, पण ती कोठे घालायची हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

कॅलिपरच्या पाठीमागे एक बोल्ट असतो, बहुतेक गाड्यांना १४ नंबरचा. वरवर पाहता तो काही धरून ठेवणारा बोल्ट वाटतो, प्रत्यक्षात ते नुसते बूच आहे. ते काढले की आत भोक दिसते. त्यात चार मिलिमीटरची एलन की घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत गेले की पिस्टन आपोआप आत सरकतो, जोर लावावा लागत नाही. नवे पॅड बसवल्यावर तीच की घड्याळाच्या दिशेने पॅड डिस्कला जेमतेम टेकेपर्यंत फिरवावी, मग सुमारे एक तृतीयांश फेरा मागे घ्यावा आणि बूच लावावे. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. हा मागे घेण्याचा हिशेब चुकला तर हँडब्रेक ढिला राहतो किंवा पॅड घासून तापतो.

दुसऱ्या गाड्यांत खोच वेगळी. अनेक मोटारींच्या मागच्या पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा असतात. तो पिस्टन दाबत असतानाच फिरवावा लागतो, आणि त्यासाठी निरनिराळ्या चकत्यांचा संच मिळतो. महागड्या गाड्यांच्या चार पिस्टनवाल्या कॅलिपरमध्ये पॅड दोन आडव्या पिनांवर असतात, त्या पंचाने ठोकून काढायच्या असतात, तेथे सी-क्लॅम्पचे कामच नाही. आणि ज्या नव्या गाड्यांत हँडब्रेक विजेच्या मोटारीवर चालतो, त्यांत ती मोटार आधी स्कॅनरने किंवा कंपनीने दिलेल्या रीतीने मागे घ्यावी लागते. म्हणून मागच्या चाकाला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा, हा पिस्टन दाबायचा आहे, फिरवायचा आहे की आणखी काही? उत्तर गाडीच्या पुस्तकात असते. पुस्तक वाचण्यात कारागिराचा कमीपणा नाही.

दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत. एक बाजू पुरी करावी, दुसरी नमुना म्हणून तशीच राहू द्यावी. मात्र पॅड नेहमी दोन्ही चाकांचे बदलावेत.

मोजमाप

डिस्क ठेवायची की बदलायची हे बोट फिरवून ठरवू नये. डिस्कवर तिची कमीत कमी जाडी बहुधा कोरलेलीच असते. ती मायक्रोमीटरने मोजावी. व्हर्नियर येथे फसवतो, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते व व्हर्नियरचे जबडे त्या धारेवरच टेकतात. डिस्क जाड दिसते, प्रत्यक्षात मधे ती संपलेली असते.

जुन्या जपानी गाड्यांत डिस्क धरून ठेवणारा फुलीचा स्क्रू आढळतो. साध्या डिसमिसने तो हमखास घसरतो. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर पेटीत असावा, एका ठोक्यात काम होते.

धूळ आणि ऑइल

ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. ब्रेकच्या लायनरमध्ये अनेक दशके अ‍ॅस्बेस्टॉस वापरले गेले. इंग्लंडने त्यावर १९९९ साली बंदी घातली, पण जुना किंवा स्वस्त माल कोठून आला हे पाकिटावरून नेहमी कळत नाही. ही धूळ फुप्फुसात बसली तर आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, तोवर शागीर्द उस्ताद झालेला असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे व त्यांच्या विम्याचे आदेश दिले. गॅरेजमधल्या पोराची नोंद कोण ठेवणार? धूळ ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने ओली करून खाली ठेवलेल्या तसराळ्यात उतरवावी, ओल्या फडक्याने पुसावी, ते फडके पिशवीत बांधून टाकावे. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, त्याने रबरी सील खराब होतात. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर वेल्डिंग मुळीच करू नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

नुसते पॅड बदलताना ब्रेकची नळी उघडावी लागत नाही, त्यामुळे हवा काढण्याचे कामही पडत नाही. पण ऑइल काळे पडले असेल तर तेही बदलावे. ते हवेतील ओल शोषते. डॉट ३ नवे असताना किमान २०५ अंशांवर उकळते, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटातून वेगाने उतरणाऱ्या गाडीत ऑइल उकळले की पेडल थेट तळाला जाते. या गाडीला डॉट ३ किंवा ४ चालते. सिलिकॉनचे डॉट ५ भलतेच, ते घालू नये. निपल सोडायला त्याला नेमका बसणारा रिंग पाना घ्यावा, दुतोंडी पान्याने निपलचे कोपरे झिजतात. सोबत पारदर्शक नळी, बाटली आणि पेडल दाबायला एक माणूस, मग तो घरमालकाचा मुलगा असला तरी चालेल.

पेटी कशी भरावी

हे सर्व एकदम घ्यायला भांडवल लागते, हे आम्ही जाणतो. सर्वांत आधी घोड्या घ्याव्यात, त्यानंतर टॉर्क रेंच. चाकाचे नट या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, म्हणजे ९ ते १२ किलो-मीटर इतकेच आवळायचे असतात. टॉमीवर पाय देऊन आवळणाऱ्याला आपण दुप्पट आवळले की निम्मे, हे कळत नाही. टॉर्क रेंचने नट सोडू नयेत, काम झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा. पाने, गोट्या, क्लॅम्प चोर बाजारात जुने मिळाले तरी हरकत नाही. घोड्या आणि टॉर्क रेंच मात्र नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारातून नवेच घ्यावेत. जुन्या घोडीचे वेल्डिंग कोठे तडकले आहे ते रंगाखाली दिसत नाही. पिस्टन फिरवण्याचा संच दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घेतला तरी भागते, तो रोज लागत नाही.

काम संपले, चाके लागली, गाडी खाली आली. इंजिन सुरू करून निघण्याच्या आधी उभ्या गाडीत पेडल दहा-बारा वेळा दाबावे, ते कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेले असल्यामुळे पहिला दाब पोकळ जातो. हे विसरून गाडी मागे घेतली तर ती थेट फाटकावर जाते. मग डब्यातील ऑइल पाहावे, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या वेगातून १० पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावावेत आणि पॅड थंड होऊ द्यावेत. ८०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायला यायचे आहे, हे गिऱ्हाइकाला पैसे घेतानाच सांगून ठेवावे.