घरांतील वायफाय चालेनासें झाल्यास प्रथम काय पाहावें

गेल्या खरिपांत पीकविम्याचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशींच आमच्या ओसरीवर वायफाय चालेना. त्यापूर्वीं कंपनीकडे दोन वेळां तक्रार केली होती. त्यांचा माणूस तार तपासून 'दोष नाहीं' असें सांगून गेला, तें आम्हांस पटलें नव्हतें. अर्ज अखेर तालुक्यास जाऊन भरावा लागला. तो माणूस खरें बोलत होता, हें मागाहून कळलें.

शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नसल्यास आपण आधीं पंप पाहतों, मग पाट. येथेंही तोच क्रम ठेवावा. फायबरच्या यंत्रावर 'एल. ओ. एस.' हा तांबडा दिवा लागला असल्यास बाहेरून येणारा प्रकाशच तुटलेला असतो. तार कोठें मुडपली किंवा उंदरानें कुरतडली आहे काय, एवढें पाहून कंपनीस कळवावें. तो दिवा लागलेला नसेल, तर मोबाईल राउटरच्या अगदीं शेजारीं नेऊन पाहावा. तेथेंही चालत नसल्यास यंत्र बंद करून अर्ध्या मिनिटानें चालू करावें व दोनतीन मिनिटें थांबावें. वीज जाऊन आल्यावर पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. मात्र मागील बारीक छिद्रांत टाचणी घालूं नये. त्यानें सर्व मांडणी पुसली जाते. हा उद्योग आमच्या घरीं एकदां होऊन चुकला आहे.

शेजारीं चालतें आणि ओसरीवर चालत नाहीं, असें आढळल्यास दोष कंपनीचा नव्हे, आपल्या घराचा. आमचा राउटर माजघरांत लोखंडी कपाटामागें होता, आणि मध्यें दीड हात जाडीची दगडमातीची भिंत. लोखंड व पत्रा या लहरी परतवितात. जाड भिंत त्या शोषून घेते, आणि पावसाळ्यांत ओल धरली म्हणजे अधिकच. राउटर बहुधा २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. दुसरी वेगवान खरी, परंतु भिंतीपुढें लवकर थकते. मोबाईलवर दोन्ही नांवें दिसत असल्यास दूरच्या जागीं २.४ चें घ्यावें.

आम्हीं राउटर लांब तारेनें ओसरीच्या दाराजवळ आणून लांकडी फळीवर डोक्याइतक्या उंचीस ठेविला. आतां ओसरीवर चित्रफितीही अडत नाहींत. पत्र्याच्या गोठ्यांत मात्र अद्याप कांहीं येत नाहीं. तेथें तारेनें जोडलेलें दुसरें यंत्रच लागेल, आणि तो खर्च आम्हीं तूर्त केलेला नाहीं.