गाजराची निवड, साठवण आणि सेवन

बेंगळुरूतील कृष्णराजपुरमच्या बाजारात मालूर-कोलारच्या बाजूची, आणि निलगिरीतून येणारी म्हणून ‘ऊटी गाजरे’ या नावाने विकली जाणारी, केशरी गाजरे बारमाही मिळत असल्यामुळे, महाराष्ट्रात थंडीतल्या लाल गाजरांची वाट पाहणाऱ्या कुटुंबांत येथे आल्यावर गाजराचा खप वाढावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु रोज सकाळी पेलाभर रस पाजल्याने मुलाच्या चष्म्याचा नंबर उतरेल काय, अशी जी पृच्छा दवाखान्यात वारंवार होते, तिचे उत्तर मात्र नकारार्थीच द्यावे लागते.

गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, आणि त्याच्या अभावी प्रथम रातांधळेपणा व पुढे क्वचित कायमचे अंधत्वही येते. याच कारणास्तव १९७० साली भारत सरकारने लहान मुलांना या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ठरावीक मुदतीने पाजण्याची तजवीज केली. ज्यास हे जीवनसत्त्व पुरेसे मिळते त्याचा चष्मा बहुधा नेत्रगोलाच्या लांबीमुळे लागलेला असतो, व ती लांबी गाजराने घटत नाही. शंभर ग्रॅम केशरी गाजरात सुमारे ४१ कॅलरी, तीन ग्रॅमच्या आसपास तंतू आणि ३२० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. लाल गाजराचा रंग मुख्यत्वे लायकोपीनचा असल्याने ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत केशरीच सरस ठरते.

खरेदी करताना मध्यम जाडीचे, टणक, गुळगुळीत व सर्वत्र सारख्या रंगाचे गाजर निवडावे. फार जाड गाजराचा गाभा लाकडासारखा निबर निघतो, देठाकडे हिरवट पडलेले कडू लागते, आणि वाकवताच लवणारे शिळे समजावे. पाला ताजा असेल तर गाजरही ताजे, हे खरे. तथापि तोच पाला कंदातील पाणी ओढून घेत असल्यामुळे घरी आणताच तो कापून टाकावा. धुतलेली गाजरे पुसून कोरडी करावीत, कापडात किंवा कागदात गुंडाळून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत, आणि सफरचंद व केळी यांच्या शेजारी ठेवू नयेत, कारण त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजरास कडवटपणा येतो. अशी खबरदारी घेतल्यास ती दोन-तीन आठवडे टिकतात; बुळबुळीत किंवा बुरशी आलेली मात्र निःसंकोच फेकावीत.

आता मुख्य बाब शिजवण्याची. कच्च्या गाजरातील कॅरोटीन पेशींच्या कठीण आवरणांत अडकलेले असते. ते किसल्याने व शिजवल्याने मोकळे होते आणि स्निग्ध पदार्थाच्या संगतीनेच अंगी लागते. म्हणून साल जाड न काढता गाजर घासून धुवावे, मोठे तुकडे करून थोड्या पाण्यात झाकण ठेवून वाफवावे, आणि उरलेले पाणी आमटीत घालावे. कोशिंबिरीस तेलाची फोडणी व दाण्याचे कूट असतेच, आणि येथील कोसंबरीतही खोबरे व फोडणी येत असल्याने हा हेतू तितकाच साधतो. गाळलेल्या रसात मात्र तंतू उरत नाहीत व स्निग्धांशही नसतो. हलव्यात तूप असले, तरी साखरेचे प्रमाण पाहता तो सणापुरताच ठेवावा.

मधुमेही व्यक्तींस भाजी किंवा कोशिंबीर खाण्यास हरकत नाही. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर निर्बंध असल्यास आपल्या वैद्यांस विचारून प्रमाण ठरवावे. चार वर्षांखालील बालकांस कच्च्या गाजराचे कडक तुकडे देऊ नयेत. ते घशात अडकतात. अतिसेवनाने तळवे पिवळसर झाले तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु डोळ्यांतील पांढरा भागही पिवळा दिसल्यास ती कावीळ असू शकते. तेव्हा, तसेच मूल संधिप्रकाशात अडखळू लागल्यास, गाजरावर भिस्त न ठेवता अविलंब डॉक्टरांकडे जावे.